सातजणांची होडी, त्रेपन्नजणांची होडी

३१ ऑक्टोबर २०२२ रोजी ब्रिटनच्या तेव्हाच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन संसदेत म्हणाल्या की, आपल्या दक्षिण किनाऱ्यावर आक्रमण होत आहे. त्यांच्या वडिलांचं घराणं मूळचं गोव्याचं. वडील केनियातून ब्रिटनला आले. आदल्याच दिवशी डोव्हरमध्ये एकाने निर्वासितांच्या केंद्रावर पेट्रोल बॉम्ब फेकले होते. केंटमधल्या मॅन्स्टनच्या केंद्रात १,६०० माणसांची सोय होती, तिथे ४,००० च्या आसपास कोंबली गेली होती. वर्ष संपलं तेव्हा छोट्या होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडून आलेल्यांचा आकडा ४५,७७४ होता. २०१८ मध्ये तो होता फक्त २९९. चार वर्षांत दीडशे पट!

हा आकडा ऐकून छाती दडपते खरी. पण लंडनच्या वेम्बली स्टेडियमची क्षमता ९०,००० आहे. त्या विक्रमी वर्षी आलेली सगळी माणसं तिथे बसवली तरी जेमतेम अर्ध्या खुर्च्या भरतील. देशाच्या लोकसंख्येशी ताडून पाहिलं तर दर दीड हजार माणसांमागे एक. जून २०२३ पर्यंतच्या वर्षभरात ब्रिटनमध्ये आलेल्यांतून गेलेले वजा केले तरी ९ लाखांच्या वर माणसं वाढली. ती बहुतेक सगळी व्हिसा घेऊन विमानातून आलेली: विद्यार्थी, नर्स, वृद्धांची काळजी घेणारे. त्यांत भारतीय मोठ्या संख्येने होते, आपली मुंबई-पुण्याची मुलंही. त्यांच्या वाटेवर कॅमेरे लावून कुणी उभं नव्हतं. होडी मात्र दिसते, रोज टीव्हीवर दिसते, आणि आपल्या सीमेवर आपलाच ताबा उरला नाही ही भावना त्या चित्रातून घट्ट होते.

ही भावना खोटी नाही. सरासरी देशाची असते, आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेलं हॉटेल मात्र कुठल्या तरी एका गावात असतं. जून २०२३ अखेर आश्रयाच्या अर्जावर पहिल्या निर्णयाची वाट पाहणारी माणसं पावणेदोन लाख होती, आणि अर्जदाराला पहिलं वर्षभर कामही करता येत नाही. म्हणजे एवढ्यांना कुठे तरी ठेवणं आलं. त्या वर्षी हॉटेलांचा खर्च रोज ८० लाख पौंडांवर गेला. ज्या गावातलं एकुलतं एक मोठं हॉटेल रातोरात सरकारने घेतलं, तिथल्या माणसाने जाब विचारला तर त्याला वंशद्वेष्टा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पण ४ ऑगस्ट २०२४ ला रॉदरहॅमजवळ जमावाने असंच एक हॉटेल, आत माणसं असताना, पेटवायचा प्रयत्न केला. त्याला जाब विचारणं म्हणत नाहीत. आतल्या माणसाच्या हातात त्या ८० लाखांतलं काय पडत होतं? जेवण मिळणाऱ्या हॉटेलात राहणाऱ्याला २०२४ मध्ये आठवड्याला ८ पौंड ८६ पेन्स.

या सगळ्या गदारोळात एका आकड्याकडे कुणी फारसं बघत नाही. २०१८ मध्ये एका होडीत सरासरी सात माणसं असत. २०२४ मध्ये त्रेपन्न. २०२२ मध्ये १,११० होड्या आल्या, २०२४ मध्ये ६९५. होड्या एक तृतीयांशाहून जास्त घटल्या, माणसं मात्र पाचव्या हिश्श्यानेच. फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोलिस वाढले, होड्या आणि इंजिनं जप्त होऊ लागली, तशी दलालांनी उरलेल्या होड्यांत आणखी माणसं भरली. ही होडी म्हणजे स्वस्तातल्या रबराचा फुगवलेला सांगाडा. पुरुष कडेच्या नळ्यांवर एक पाय पाण्यात सोडून बसतात, बायका-मुलं मध्ये, तळाशी. तिथे सांडलेलं पेट्रोल खाऱ्या पाण्यात मिसळतं आणि कातडी भाजून निघते. तळ मधोमध दुमडला की माणसं बुडण्याआधी एकमेकांखाली चेंगरून मरतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये एकाच होडीतली किमान २७ माणसं गेली. २०२४ या एका वर्षात सत्तरहून जास्त. खाडी अरुंद जागी फक्त ३३ किलोमीटर आहे, आणि त्याच पाण्यातून फ्रान्समधल्या कॅलेची फेरीबोट दीड तासात डोव्हरला लागते.

लोकांना धाक बसावा म्हणून होडीतून येणाऱ्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायची योजना आली. एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झाली, नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, तरी रेटली गेली. नव्या सरकारने जुलै २०२४ मध्ये हिशेब मांडला: ७० कोटी पौंड खर्च, आणि गेलेली माणसं चार. तीही आपखुशीने. पौंड शंभर रुपयांचा धरला तरी माणशी १,७५० कोटी रुपये.

रवांडाला लागूनच युगांडा आहे. २०२४ अखेर तिथे १७ लाखांहून जास्त निर्वासित राहत होते. १९७२ मध्ये याच युगांडातून तिथला हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकललं, तेव्हा सुमारे २८,००० जण ब्रिटनला आले. त्यांत गुजराती होते तसे गोवेकरही. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ म्हणून सांगितलं होतं. तरी हजारो लेस्टरला गेलेच, आणि २०२१ च्या जनगणनेत त्या शहरातली ३४ टक्के माणसं भारतीय वंशाची होती. त्या २८,००० पैकी कुणाला होडीत बसावं लागलं नाही, कारण त्यांच्यासाठी विमानं होती. २०२२ पासून आलेल्या दोन लाखांवर युक्रेनियनांनाही नाही, कारण त्यांच्यासाठी खास व्हिसा होता. आश्रय मागण्यासाठी म्हणून ब्रिटन व्हिसा देत नाही. अर्ज करायचा तर आधी त्या भूमीवर पाय ठेवावा लागतो. सुदानी, इरिट्रियन किंवा अफगाण माणसाचा अर्ज कॅलेतच ऐकून घ्या, नाकारायचा तर तिथेच नाकारा, ही मागणी मला या भांडणातली सगळ्यात व्यवहारी मागणी वाटते, आणि दोन्ही मोठे पक्ष तिच्यापासून दूर राहिले आहेत.