ग्राहक परत येतो का? कोहॉर्ट शीट आणि तिचं ‘माहिती’ पान

मागच्या व्हिडिओत आपण गूगल शीट्समध्ये कोहॉर्टचा तक्ता बनवला. आज तो तक्ता नीट समजून घेऊ. आणि त्याच्यासोबत एक पान लिहायचं असतं, जे जवळपास कुणीच लिहीत नाही, त्याबद्दल बोलू.

कोहॉर्ट म्हणजे एकाच महिन्यात पहिल्यांदा आपल्याकडे आलेल्या ग्राहकांचा गट. शाळेची बॅच असते ना, तसंच. समजा जानेवारीत 100 नवे ग्राहक आले आणि फेब्रुवारीत त्यातले 40 परत आले. दिवाळीच्या महिन्यात 250 नवे आले, पण पुढच्या महिन्यात त्यातले 30 च दिसले. गल्ला बघितला तर दिवाळीचा महिना भारी. कोहॉर्ट बघितला तर जानेवारीचे 40 टक्के टिकले, दिवाळीचे फक्त 12. ऑफरवर खर्च कुठे करायचा, हे गल्ला सांगत नाही.

तक्त्याला तीनच रकाने लागतात: तारीख, मोबाइल नंबर, बिलाची रक्कम. चौथ्या रकान्यात ‘मिनइफ्स’ वापरून त्या नंबरची सगळ्यात जुनी तारीख काढायची. पाचव्यात पहिल्या खरेदीपासून किती महिने झाले ते. वर्षांतला फरक गुणिले 12, अधिक महिन्यांतला फरक. मग पिव्होट टेबल: आडव्या ओळींत पहिल्या खरेदीचा महिना, उभ्या रकान्यांत महिन्यांचा फरक, आणि मोजणी ‘काउंटयुनिक’ने. साधा ‘काउंट’ लावला तर चार वेळा आलेला एकच माणूस चार माणसं होतो.

इथवर सगळ्यांना जमतं. घोळ पुढे आहे.

शीट ज्या महिन्यापासून सुरू केली, त्या महिन्यात दहा वर्षांचा जुना ग्राहकसुद्धा ‘नवा’ दिसतो, कारण त्याची आधीची खरेदी शीटला माहीतच नाही. त्यामुळे पहिले तीन-चार कोहॉर्ट फार गोड दिसतात आणि नंतरचे घसरलेले वाटतात. धंदा तिथेच असतो, आणि मालक उगाच घाबरतो. तसंच चालू महिना अर्धवट असतो. त्याची टक्केवारी वाचायचीच नाही. सणांचंही बघा. 2023 ला लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2025 ला 21 ऑक्टोबरला. दोन वर्षांचे ऑक्टोबर शेजारी ठेवून तुलना केली की गणित फसलंच. आणि साडीच्या दुकानाला महिन्याचा कोहॉर्ट लावू नका हो, तिथे बाई सणाला किंवा लग्नसराईला येते. तिथे सहा महिन्यांचा गट धरा.

आता ते पान. शीटमध्ये अगदी पहिला टॅब ‘माहिती’ नावाचा करा आणि साध्या मराठीत लिहा: ग्राहक म्हणजे कोण? (आमच्याकडे: एक मोबाइल नंबर म्हणजे एक ग्राहक. दहाच आकडे, पुढे 91 नाही.) खरेदी म्हणजे काय? नोंद कोण करतं? नोंदी कोणत्या तारखेपासून आहेत? आणि शेवटी बदलांची यादी, तारखेसकट. सॉफ्टवेअरवाले याला डॉक्युमेंटेशन म्हणतात. आपण त्याला दुकानाची रीत म्हणू.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं मसाल्याचं आणि फराळाचं दुकान आहे. जूननंतर त्यांच्या शीटमध्ये दुसऱ्या महिन्यात परत येणाऱ्यांची टक्केवारी एकदम वर गेली. ताई खूश. शेजारच्या पेठेतला दुसरा गाळा बघून झाला होता, डिपॉझिटचा चेक लिहायचा बाकी. मी म्हटलं, ताई, चेक दोन दिवस थांबवा, आधी माहितीचं पान उघडा. त्यात त्यांनीच लिहून ठेवलं होतं: “उधारीची जमा ही खरेदी नाही.” जूनमध्ये काउंटरवर नवा मुलगा आला होता. त्याला हे पान कुणी दाखवलंच नव्हतं. मे महिन्याची उधारी जूनमध्ये फेडायला आलेला प्रत्येक माणूस त्याने शीटमध्ये टाकला होता, रकमेसकट. पोराची चूक काय? पैसे आले, त्याने लिहिले.

ज्या ओळींत बिल नंबर नव्हता त्या गाळल्या. टक्केवारी जवळजवळ पूर्वीच्या जागी आली.

एक मात्र चांगलं निघालं. तक्ता नीट झाल्यावर दिसलं की ज्यांची पहिली खरेदी गोडा मसाल्याची होती ते टिकतात, आणि ज्यांची फक्त फराळाची होती ते पुढच्या सणापर्यंत गायब. हे शोधायला एक रकाना वाढवावा लागतो, ‘पहिल्या बिलातली वस्तू’. तुम्हीही वाढवा. ताई आता दिवाळीच्या फराळाच्या बॉक्ससोबत मसाल्याची छोटी पुडी देणार आहेत. ती किती लोकांना परत आणते ते त्या कोहॉर्टमध्येच कळेल.

शीटमध्ये लोकांचे नंबर आहेत, तेव्हा शेअर करताना ‘लिंक असलेला कुणीही’ हे सेटिंग ठेवू नका. ज्याला काम आहे त्याच्याच ईमेलवर परवानगी द्या.

गाळ्याचा विषय सध्या थांबलाय. माहितीच्या पानावर मात्र एक नवी ओळ आली आहे, त्या मुलाच्याच अक्षरात म्हणायला हरकत नाही, कारण टाइप त्यानेच केली: “उधारी जमा वेगळ्या टॅबमध्ये. बदल 12 ऑगस्टपासून.”