संकेतस्थळ उघडत नाही, ते का?

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागात शिकवणीचे वर्ग सुटल्यावर मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला एखादा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. त्याला हवे असलेले संकेतस्थळ काही केल्या उघडत नाही. शेजारच्या मित्राच्या मोबाइलवर मात्र तेच बिनतक्रार उघडते. आपलेच यंत्र बिघडले असा ग्रह करून घेऊन तो बिचारा ते बंद करतो, पुन्हा सुरू करतो. दोष यंत्राचा नसतो. दोघांचे सेवापुरवठादार निराळे असतात, आणि बंदीचा अंमल व्हावयाचा तो पुरवठादाराच्याच हातून.

संकेतस्थळाला आपण नावाने ओळखतो. यंत्राला लागतो अंकी पत्ता. नावावरून पत्ता सांगणारी जी नोंदवही असते तिला डी. एन. एस. म्हणतात. बंदीचा हुकूम आला की एखादा पुरवठादार त्या नावापुढचा पत्ता देण्याचेच टाळतो, अथवा भलताच देतो. दुसरा नोंदवहीला हात लावीत नाही. टपालवाल्याने पाकिटावरचे नाव वाचावे त्याप्रमाणे तो जाणाऱ्या मागणीवरचे नाव वाचतो आणि जोडणी तोडून टाकतो. पाकिटातला मजकूर हल्ली बहुधा सांकेतिक लिपीत असतो. त्यामुळे आतले नेमके कोणते पान मागितले आहे हे पुरवठादाराला दिसत नाही; अडवायचे तर अख्खे स्थळच अडवावे लागते.

मग सुक्याबरोबर ओलेही जळते. जुलै 2006 मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांतील स्फोटांनंतर थोडी पाने बंद करण्याचे फर्मान निघाले, तर पुरवठादारांनी ब्लॉगस्पॉट हे सबंध स्थळच बंद करून टाकले. डिसेंबर 2014 मध्ये मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून 32 स्थळे अडवण्यात आली. त्यांत व्हिमिओ होते, जुनी पाने जतन करणारे इंटरनेट अर्काइव्ह होते, आणि संगणकतज्ज्ञ ज्यावर आपले रोजचे काम ठेवतात ते गिटहबही होते. पुढे काही स्थळांवरील बंदी उठली. पण तोवर ज्यांचे काम अडले त्यांचा त्या मजकुराशी काडीचाही संबंध नव्हता.

या बंदीला आधार आहे तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 69अ या कलमाचा. ते 2008 च्या दुरुस्तीने आले आणि 2009 पासून अमलात आहे. देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणे त्यात नमूद आहेत. न्यायालयेही बंदीचा हुकूम देऊ शकतात. चित्रपटांच्या चोरट्या प्रतींबाबत ते वारंवार घडते. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात 66अ हे कलम रद्द केले, परंतु 69अ कायम ठेवले. हुकुमात कारणे लेखी असतात, तेव्हा त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते, हा त्यामागचा एक विचार होता. अडचण अशी की, 2009 च्या नियमांतील सोळावा नियम हा सारा व्यवहार गुप्त राखावयास सांगतो. जो कागद पाहावयास मिळत नाही त्याविरुद्ध दाद मागावी तरी कशी?

सारे इंटरनेटच थांबवणे ही गोष्ट निराळी. ग्वाल्हेरकरांना तिचा अनुभव आहे. 2 एप्रिल 2018 च्या भारत बंदमध्ये हिंसाचार उसळला तेव्हा तेथील इंटरनेट सेवा खंडित झाली होती. अशा सेवाबंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी अनुराधा भसीन खटल्यात सांगितले. म्हणजे सगळा रस्ता बंद केला तर फलक लावायचा, आणि एकच घर बंद केले तर कडी गुपचूप घालायची, असा हा प्रकार झाला.

प्रत्येक बंद दार सरकारनेच लावलेले असते असे नाही. मे 2018 मध्ये युरोपात खाजगी माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा लागू होताच ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने युरोपातील वाचकांना आपले स्थळ स्वतःच बंद केले. काही पाने नुसती शोधयंत्रांना दिसू नयेत अशी ठेवलेली असतात. पत्ता ठाऊक असणाऱ्याला ती उघडतात. पडद्यावर 404 आले तर पान सापडत नाही, 403 आले तर प्रवेश नाकारला आहे. कायद्याने अडवलेल्या पानासाठी 451 हा स्वतंत्र आकडा डिसेंबर 2015 मध्ये मान्य झाला. पुस्तके जाळणाऱ्या राज्याची कथा सांगणाऱ्या रे ब्रॅडबरी यांच्या कादंबरीच्या नावातून तो घेतला आहे. आपल्याकडे तो क्वचितच दृष्टीस पडतो. बहुधा दिसते ते कोरे पान, आणि ते पाहणारा पुन्हा एकदा मोबाइल बंद करून सुरू करतो.