सेटमागची वायर

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. या काळात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि वर्षभर तुंबलेली कामं निघतात. वायरलेसचा नंबर सहसा शेवटी लागतो. खोकं आणायचं, केबिनच्या छताला टांगायचं, लाल-काळी वायर जोडायची, झालं. असा बहुतेक मालकांचा हिशेब. मी ज्या मिस्त्रीचं काम बघत बसलो होतो, त्याने खोक्याला बराच वेळ हातही लावला नाही.

आधी तो बॅटऱ्यांपाशी गेला. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून 24 व्होल्ट केलेले. इंजिन त्यावर सुरू होतं. सेट मात्र 12 वर चालतो. मग पळवाट अशी की दोनपैकी एकीवरूनच वायर ओढायची. सेट लगेच बोलू लागतो, म्हणून काही बिघडलंय असं कुणाला वाटत नाही. पण एक बॅटरी रोज जास्त उतरते, चार्जिंग दोघींचं एकत्रच होतं, आणि काही महिन्यांत एक कायमची उपाशी, तर दुसरी फाजील भरून उकळलेली. या बोटीवर नेमकं तेच झालं होतं. त्याने मधे 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर घातला. "स्वस्तातला आणू नका," हे मालकाला त्याने आधीच बजावलेलं, कारण तसला कन्व्हर्टर स्वतःच खरखर सोडतो आणि लांबची बोट त्या खरखरीत बुडते. बोलताना सेट 5-6 अँपिअर खेचतो. वायर बारीक असेल तर ऐकू छान येतं, पण माइकचं बटण दाबलं की व्होल्ट पडतात आणि आपला आवाज अर्ध्यात मरतो. ऐकू येतंय म्हणजे सेट ठीक, हा समज इथेच फसतो.

सेटची जागाही तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, मनासारखी मिळाली नाही. त्याला तो होकायंत्राशेजारी हवा होता. स्पीकरमधलं चुंबक सुई ओढतं, म्हणून मिस्त्रीने तो हातभर पलीकडे सरकवला.

खरा वाद झाला तो केबलवरून. अँटेनासोबत दुकानदाराने बारीक केबल फुकट दिली होती. हा सेट ज्या व्हीएचएफ लहरींवर बोलतो, त्यांवर अशी केबल 15 मीटर धावली की जवळजवळ निम्मी ताकद वाटेतच जिरते. सेटमधून 25 वॉट निघाले तरी डोलकाठीवर पोचतात साडेबारा. मिस्त्रीने जाड केबल मागितली, मालकाने कुरकुरत आणवली.

मग कनेक्टर. पाऊस आडवा येत होता, म्हणून एका खलाशाने ताडपत्री धरली. मिस्त्रीने केबलची काळी साल सोलली, आतली तांब्याची जाळी मागे दुमडली, पांढरं प्लास्टिक कापून मधली तार उघडी केली. जाळीतला केसाएवढा धागा जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट. त्याने बोट फिरवून धागे चाचपले, एक निसटलेला सापडला तो चिमट्याने तोडला. कनेक्टरच्या अंगावरच्या चार भोकांतून डाग द्यायचा असतो; वाऱ्याने डागणी गार पडत होती, तरी चारही भोकं नीट भरेपर्यंत त्याने सोडलं नाही. वर रबरी टेप, तीही खालून वर गुंडाळलेली, म्हणजे पदर कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी निथळून जातं. खारं पाणी एकदा जाळीत शिरलं की आतल्या आत चढत जातं आणि तांबं हिरवं पडतं. बाहेरून काही दिसत नाही.

"25 पेक्षा मोठा सेट नाही का मिळत?" तांडेलाने विचारलं. मिस्त्रीने डोलकाठीकडे बोट केलं. या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वीच्या फुगवट्याआड अडतात. दोन्ही बोटींच्या अँटेना पाण्यापासून 4 मीटरवर असतील तर गाठ साधारण 16 किलोमीटरपर्यंत. 9 मीटरवर नेल्या तर 25. वॉट वाढवून तो फुगवटा ओलांडता येत नाही, उंचीनेच येतो. अँटेना डोलकाठीच्या टोकाला गेली.

सगळं जुळल्यावर अँटेनाकडून किती ताकद परत येते ते सांगणारं मीटर मधे लावून पाहिलं: 1.3. 3 च्या वर असतं तर बरीच ताकद उलटी फिरून सेटवरच आली असती. तांडेलाला मीटरचं कौतुक नव्हतं. त्याने माइक उचलला, शेजारच्या बोटीला हाक मारली, उत्तर आलं, तो खूश. पण बंदरातल्या बंदरात मोडकी अँटेनाही बोलते.

त्यापेक्षा मला स्क्वेल्चच्या बटणाची काळजी वाटली. खरखर जेमतेम थांबेल इतपतच ते फिरवायचं असतं. तांडेलाने शांतता हवी म्हणून पार टोकाला नेलं. मिस्त्रीने परत आणलं. टोकाला नेलं की जवळच्यांच्या गप्पा तेवढ्या ऐकू येतात, आणि लांबून क्षीण आलेली हाक, जिच्यासाठी 16 नंबरचं चॅनल कायम ऐकायचं असतं, ती बाहेरच राहते. गप्पांसाठी दुसरी चॅनलं आहेत. तिथेही जो कुणी ऐकत असेल त्या प्रत्येकाला ऐकू जातं, म्हणून मासा लागला की भलेभले बोलके तांडेल एकाएकी मुके होतात.

राहिलं लाल झाकणाखालचं बटण. ते दाबून धरलं की 70 नंबरच्या चॅनलवर संकटाचा इशारा आपोआप जातो, बोटीचा नंबर आणि जागा घेऊन. जागा जाते ती जीपीएसकडून येणाऱ्या दोन बारीक तारा जोडल्या असतील तर. कितीतरी सेटमागे त्या तारा टेपमध्ये गुंडाळून सोडून दिलेल्या असतात, कारण त्यांच्यावाचून बोलणं अडत नाही. मिस्त्रीने त्या जोडल्या. पडद्यावर अक्षांश-रेखांश उमटले. नंबर मात्र नव्हता. भारतीय बोटींचा तो नऊ आकडी नंबर 419 ने सुरू होतो आणि परवान्याच्या कागदांबरोबर येतो. मालक म्हणाला, "तूर्त काहीतरी घाल, नंतर बदलू."

"एकदा घातला की मला बदलता येत नाही, मालक. सेट कंपनीकडे पाठवावा लागतो," मिस्त्री म्हणाला आणि हत्यारं पिशवीत भरू लागला. "कागद आले की फोन करा. त्याचे वेगळे पैसे नाही घेणार."