पंप गेला, भोके राहिली

ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या ‘एमजीबी’ या दोन आसनांच्या मोटारीचा मोठा ग्राहक होता अमेरिका. तिथे १९६८च्या मॉडेलांपासून देशभर धुराचे नियम लागू झाले आणि या गाडीच्या इंजिनावर पट्ट्याने फिरणारा हवेचा पंप आला. हेडमध्ये चार भोके पाडून पंपाची हवा थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ सोडली जाई. न जळलेले पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तापलेल्या धुरातच जळून जावेत, ही त्यामागची कल्पना.

पुढे पंप कुरकुरू लागले, भाग मिळेनात, आणि हौशी मालकांनी ते काढून टाकले. (पंप इंजिनाची ताकद खातो, ही समजूत मात्र बरीच फुगवलेली आहे.) पंप निघाला तरी भोके राहतात, आणि प्रश्न तिथून सुरू होतो.

हेडमधले उघडे भोक म्हणजे सायलेन्सरच्या आधीच धूर बाहेर पडायची वाट. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या जुन्या इंजिनाच्या धुरात शेकडा तीन-चार भाग कार्बन मोनॉक्साइड असणे नवलाचे नाही. तो बॉनेटखाली साठतो आणि वायर व केबल जाण्यासाठी ठेवलेल्या फटींतून आत बसणाऱ्यांपर्यंत पोहोचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. आणि चालवणारा समजतो, उन्हाचा त्रास झाला.

म्हणून इथे बूच धातूचेच हवे. रबर जळते, गॅरेजमधले सिलिकॉनही या उष्णतेपुढे टिकत नाही. एमजीबीच्या भोकांचे आटे ७/१६ इंची, इंचाला २० असे बारीक आहेत. हाताला लागला तो मिलिमीटरचा बोल्ट पान्याने रेटला की आटे गेलेच. बोल्ट फार लांबही नको. त्याचे टोक धुराच्या वाटेत शिरून अडथळा करते.

इनटेक मॅनिफोल्डवरच्या भोकाची गोष्ट उलटी. तिथे धूर बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते. कार्ब्युरेटरने मापून दिलेल्या मिश्रणात ही चोरटी हवा मिसळली की पेट्रोलचे प्रमाण घटते, इंजिन अडखळते, तापते, व्हॉल्व्ह जळू शकतात. इथे क्लिप लावलेली रबरी टोपी चालते. पण उष्णतेने तिला भेगा पडतात, हे धरूनच चालावे.

खरी गफलत होते ती ‘दिसेल ते भोक बुजवा’ या उत्साहात. पिस्टनच्या कडेने खाली निसटणारे वायू इंजिनाच्या पोटातून कार्ब्युरेटरकडे नेणारी नळीही प्रदूषण रोखण्यासाठीच असते, पण ती बंद केली की आत दाब वाढतो आणि सीलमधून तेल बाहेर येते. तेच तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर धूर, प्रसंगी आग. पेट्रोलच्या टाकीतून कोळशाच्या डब्याकडे जाणारी नळीही तशीच. या गाड्यांच्या टाकीचे झाकण हवाबंद असते. नळी बुजवली की टाकीचा श्वास कोंडतो, पेट्रोल येणे थांबते आणि भर रस्त्यात गाडी बंद पडते.

कायदाही विचारात घ्यावा लागतो. अमेरिकेत गॅरेजवाल्याने अशी यंत्रणा काढणे बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या मॉडेलांची धूर-तपासणी होते, १९७५पर्यंतच्या गाड्यांना सूट आहे. सूट असली तरी पंप काढल्यावर मागून येणारा धूर अधिक विषारी होतो, हे खरेच.

बसवलेले बूच तपासायची वेळ म्हणजे थंड इंजिन सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटे. गाडी मोकळ्या जागेत असावी. हेडजवळ ‘टिक-टिक’ असा आवाज आला, किंवा बुचाभोवती काजळीची रेघ दिसली, तर धूर गळतो आहे. गाडीत डोके दुखते आणि बाहेर आल्यावर उतरते, असे दोनदा झाले तर गळती सापडेपर्यंत ती गाडी चालवू नये.