मुलांच्या नाटकाबरोबर परदेशी जाताना

शाळेच्या नाट्यचमूची परदेशातील महोत्सवासाठी निवड झाली की शाळेत आणि घराघरांत आनंद होतो. त्यापाठोपाठ एक अगदी व्यावहारिक प्रश्न उभा राहतो : मुलांबरोबर जाणार कोण? आई-वडिलांना पंधरा दिवसांची रजा मिळत नाही, शाळेला सगळेच शिक्षक पाठवता येत नाहीत. मग सर्वांची दृष्टी निवृत्त शिक्षक, चमूतील एखाद्या मुलीची आजी किंवा वर्षानुवर्षे मुलांची नाटके बसवणारे आजोबा यांच्याकडे वळते. त्यांच्याकडे वेळ असतो, मुलांविषयी माया असते आणि मुलांना धाकात ठेवण्याचा अनुभवही असतो. वाचकहो, अशी विचारणा आपल्याला झाली असेल, किंवा आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना झाली असेल, तर होकार देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर कोणत्या गोष्टींचा विचार करावा, याची चर्चा या लेखात केली आहे.

परंपरा आपल्याच गावची

सोलापूरला रंगभूमी परकी नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात मुलांच्या नाट्यस्पर्धा पाहत येथील पिढ्या वाढल्या आहेत, आणि पहिले अखिल भारतीय मराठी बालनाट्य संमेलनही 2015 साली सोलापुरातच भरले. त्याहून जुना धागा डॉ. जब्बार पटेल यांचा. पंढरपूरला जन्मलेल्या पटेलांचे शालेय शिक्षण सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेत झाले. पुढे ते बालरोगतज्ज्ञ झाले, आणि विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचे दिग्दर्शकही. डिसेंबर 1972 मध्ये पुण्यात पहिला प्रयोग झालेले हे नाटक 1980 साली, तीव्र विरोध आणि न्यायालयीन वाद यांतून वाट काढत, थिएटर अकॅडमीने युरोपच्या दौऱ्यावर नेले. त्यात नाना फडणवीसांची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ आहेत. मुलांच्या नाटकाची बर्लिनमधील ‘ग्रिप्स’ चळवळ 1986 च्या सुमारास पुण्यात रुजवण्यातही त्यांचा पुढाकार होता.

‘घाशीराम’ पाहिलेल्यांना त्यातील माणसांचा पडदा आठवत असेल. गाणारे-नाचणारे नट एका रांगेत उभे राहत आणि त्यांचीच भिंत होई. अशा समूहनाट्यात एकाची प्रकृती बिघडली, तर भिंतीला भगदाड पडते. शाळेच्या नाटकातही बहुधा हेच घडते, कारण तेथे बदली नट नसतात. म्हणून परदेशी जाणाऱ्या चमूत आरोग्याचा विचार तालमीइतकाच आधी व्हायला हवा. या चमूत सोबत जाणारा प्रौढही मोडतो, ही बाब मात्र बहुतेक वेळा विसरली जाते.

पहिला प्रश्न स्वतःला

आपल्याकडे ज्येष्ठांची एक सवय आहे. ‘मला काही होत नाही’ असे म्हणून दुखणे झाकायचे. घरात त्याचा त्रास फक्त आपल्याला होतो. बारा-पंधरा मुलांना घेऊन परक्या शहरातील रेल्वे फलाटावर उभे असताना आपली शुगर एकाएकी उतरली, तर त्याचा भार त्या मुलांवर पडतो. सोबत जाणाऱ्या प्रौढाची प्रकृती हा मुलांच्या सुरक्षिततेचाच एक भाग आहे. म्हणून येथे संकोच बाजूला ठेवावा.

प्रवासाच्या किमान सहा आठवडे आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. ‘फिरायला जातो आहे’ एवढेच न सांगता ‘मुलांची जबाबदारी घेऊन जातो आहे, दिवसभर चालणे, सामान उचलणे, जागरण होणार आहे’ असे सविस्तर सांगा. विमान आकाशात असताना आतील हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवरील डोंगरासारखा असतो. तेथे प्राणवायू थोडा कमी मिळतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. पण हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय निघू नये. घरीही एक साधी परीक्षा घ्या. हातात प्रवासाची पिशवी घेऊन दोन मजले चढून पाहा. वर पोहोचल्यावर सलग बोलता येत नसेल, तर तो इशारा समजा आणि डॉक्टरांना तसे सांगा.

आपल्या घरी कुणी आजारी, परावलंबी व्यक्ती असेल आणि तिची शुश्रूषा आपणच करत असाल, तर प्रश्न दुहेरी होतो. पर्यायी व्यवस्था केवळ तोंडी ठरवून निघू नका. जी व्यक्ती आपल्या जागी येणार, तिने निघण्यापूर्वी चार-पाच दिवस आपल्याबरोबर राहून औषधे, पथ्य, अंघोळ, रात्रीचे उठणे हे सर्व प्रत्यक्ष करून पाहावे. मन घरी अडकलेला माणूस मुलांकडे पूर्ण लक्ष देऊ शकत नाही.

औषधांची पिशवी हातातच

सर्व औषधे हातातील सामानात ठेवा. मोठी बॅग दुसऱ्याच गावी गेल्याचे प्रसंग घडतात, आणि सामानकक्षातील थंडीने इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. मुक्कामाच्या दिवसांपेक्षा किमान आठवडाभर जास्तीचा साठा, मूळ वेष्टनासह, घ्यावा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असू द्या, कारण आपल्याकडील कंपन्यांची नावे तिकडे कुणाला कळणार नाहीत. मूळ नावेही कधी बदलतात : आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणून मिळते, आणि दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल होते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत. आपले विमान तेथे केवळ बदलायचे असले, तरी ही माहिती आधी घेतलेली बरी.

वेळेतील फरकाचा हिशेब डॉक्टरांकडून लिहून घ्या. पश्चिमेकडे जाताना आपला दिवस लांबतो, परतताना आखडतो. उन्हाळ्यात ब्रिटनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे साडेनऊ तास. इन्सुलिन घेणाऱ्यांना डोस त्यानुसार बदलावा लागू शकतो. बीपीच्या किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या ‘विमानात सारखे उठावे लागते’ किंवा ‘वेळ चुकली’ म्हणून परस्पर बंद करू नयेत.

सोलापूरहून मुंबईपर्यंतचा रेल्वेप्रवास साडेचारशे किलोमीटरहून अधिक, त्यानंतर विमानतळावरील ताटकळणे आणि मग आठ-दहा तासांचे उड्डाण. इतके बसून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर तास-दोन तासांनी उठून चार पावले चाला, बसल्या जागी घोटे फिरवा, पाणी पीत राहा. पूर्वी गुठळी झालेली असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर विशेष मोज्यांविषयी डॉक्टरांना विचारा. मुक्कामी पोहोचल्यावर पहिल्या दिवशी प्रयोग किंवा लांबची सहल ठेवू नये, असा आग्रह आयोजकांकडे आपणच धरावा. शरीराचे घड्याळ साधारणपणे दिवसाला एक तास या गतीने जुळते. सकाळचा सूर्यप्रकाश त्याला मदत करतो आणि दुपारची लांब झोप अडथळा आणते.

मुलांची वही

प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवा. त्यावर रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे, दमा, फिट्स, झोपेत चालणे, गाडी लागणे आणि पालकांचे दोन दूरध्वनी क्रमांक असावेत. पालकांचे संमतिपत्र तसेच उपचारांसाठीचे अधिकारपत्रही त्याबरोबर असावे, कारण तातडीची वेळ वगळता अनेक देशांतील रुग्णालये अल्पवयीन मुलावर उपचार करण्यापूर्वी पालकांची संमती मागतात. सोलापुरात ही कागदपत्रे केवळ मराठीत किंवा इंग्रजीत करून भागत नाही. चमूतील कुणाच्या घरी तेलुगू बोलली जाते, कुणाच्या घरी कन्नड किंवा उर्दू. पालकांना वाचता येणाऱ्या भाषेत अर्थ समजावून मगच सही घ्यावी. मुलाचा आजार लपवला तर संधी जाईल, या भीतीने काही पालक दमा किंवा फिट्सविषयी बोलत नाहीत. तेव्हा सभेत सर्वांसमोर न विचारता घरी जाऊन, चहा घेत विचारावे. वडीलधाऱ्या माणसाला लोक अशा गोष्टी मोकळेपणाने सांगतात. आपल्या वयाचा हा मोठा उपयोग आहे.

किशोरवयीन मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते. प्रयोगानंतरच्या उत्साहात ती जागतात, दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. दिवे मालवण्याची वेळ ठरवा आणि ती पाळा. प्रयोगाआधी कुजबुजणे घशाला फायद्याचे नाही. शांत बसणे, कोमट पाणी आणि वाफ उपयोगी पडतात. मुलींच्या पाळीच्या तारखा प्रवासात पुढे-मागे होऊ शकतात, म्हणून पुरेसे पॅड आणि विश्वासाने बोलता येईल अशी स्त्री चमूबरोबर असलीच पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादे मूल एकाएकी अबोल होते, जेवत नाही, पोट दुखते म्हणते. तपासणीत काही निघाले नाही, तर ती घरची आठवण असते. रागावू नका, सतत फोनही लावून देऊ नका. जवळ बसवून एखादे छोटे काम सोपवा.

आणखी एक गोष्ट ज्येष्ठांना प्रथम खटकेल. परदेशातील यजमान शाळा प्रौढाने बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर राहू नये, असा नियम सांगतात. त्यात आपल्यावर संशय घेतला जात नाही. मुलांचे आणि आपले दोघांचेही संरक्षण त्यात आहे. आजारी मुलाला तपासताना दार उघडे ठेवावे आणि दुसरा प्रौढ जवळ असावा.

शिदोरी नेताना

सोलापूरकर शेंगदाण्याच्या चटणीशिवाय घर सोडत नाही. कडक भाकरी, चटणी, धपाटे ही प्रवासातील उत्तम सोबत आहे. मात्र ती चटणी यजमानांच्या मुलांना कौतुकाने देण्यापूर्वी थांबा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला त्याचा कणही जिवावर बेतू शकतो. त्यामुळे परदेशातील अनेक शाळा शेंगदाणे आवारात आणूच देत नाहीत. आधी विचारा, मुलांनाही विचारायला शिकवा आणि खाल्ल्यावर हात धुवायला लावा. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात उतरताना सोबतचे सर्व खाद्यपदार्थ अर्जात नोंदवावे लागतात. ते लपवले तर दंड होतो. बीपी असणाऱ्यांनी चटणी, लोणचे, पापड यांतील मिठाचा हिशेब ठेवावा. कवळी वापरत असाल, तर कडक भाकरी भिजवूनच खावी. कवळी मोडली तर परक्या गावी दुरुस्ती अवघड आणि महाग पडते.

मुलांना आपला आजार सांगा

सर्वांत अवघड सूचना आता. चमूतील दोन जबाबदार मुलांना आणि सोबतच्या दुसऱ्या प्रौढाला आपला आजार स्पष्ट सांगा. घाम सुटला, हात थरथरले, मी विसंगत बोलू लागलो तर तीन चमचे साखर किंवा फळांचा रस द्या आणि पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा मोजा. बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, मदत बोलवा. युरोपात 112, ब्रिटनमध्ये 999 किंवा 112, अमेरिकेत 911. एवढे प्रत्येक मुलाला पाठ असावे. आठ-दहा मुलांमागे एक प्रौढ असावा, आणि चमू कितीही लहान असला तरी प्रौढ दोनच्या खाली नसावेत.

असे सांगितल्याने मुलांच्या नजरेत आपण लहान होऊ, ही भीती व्यर्थ आहे. ज्या मुलांना आपण संवाद आणि हालचाली शिकवल्या, ती मुले हेही तितक्याच गांभीर्याने शिकतात. ‘आजी, गोळी घेतली का?’ असा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलाने विचारणे, हेही शिक्षणच आहे. सांभाळणे एकाच दिशेने चालत नाही, हे त्याला या वयात समजले, तर पुढे तो आपल्या घरातील वृद्धांकडेही वेगळ्या नजरेने पाहील.

प्रवासाच्या विम्यातही हाच प्रामाणिकपणा ठेवा. जुने आजार लपवून घेतलेला विमा ऐन वेळी नाकारला जातो. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोचे वैद्यकीय संरक्षण आवश्यक असते. ज्येष्ठांनी त्यातील अटी घरातील जाणत्या व्यक्तीबरोबर बसून वाचाव्यात.

नकार हीसुद्धा जबाबदारी

सर्व विचार केल्यावर उत्तर ‘नाही’ असे आले, तर ते वेळेवर आणि स्पष्ट द्या, म्हणजे शाळेला दुसरी व्यवस्था करता येईल. न जाणाऱ्यालाही काम पुष्कळ असते. सोलापुरात एक संपर्कव्यक्ती लागते. तिच्याजवळ सर्व कागदपत्रांच्या प्रती, पालकांचे क्रमांक आणि दौऱ्याचे वेळापत्रक हवे. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळी सातला पडदा उघडतो, तेव्हा येथे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. त्या वेळी जागे राहून प्रत्येक घरी खुशाली कळवणारा माणूस दौऱ्यावर गेलेल्यांइतकाच चमूचा असतो.

आणि जाणार असाल, तर परतल्यावर दोन-तीन आठवडे स्वतःकडे लक्ष ठेवा. ताप आला, एका पायाला सूज आली, श्वास लागला, तर अंगावर काढू नका. आपण कोठे जाऊन आलो, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. मुलांच्या वहीतही ही सूचना शेवटच्या पानावर लिहून ती पालकांच्या हाती द्या. मगच आपली जबाबदारी पूर्ण झाली, असे समजा.