सह्याद्रीच्या काळ्या खडकाचा माग

सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याचा उगम शोधत शास्त्रज्ञ हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटापर्यंत पोहोचले. तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. त्याच्याखालचे तप्तस्थळ, म्हणजे खोलातून लाव्हारस वर येण्याची जागा, फारसे हलत नाही, वरचा भारतीय भूपट्ट मात्र त्यावरून उत्तरेला सरकत आला. तसे असेल, तर सह्याद्रीपासून दक्षिणेकडे रियुनियनच्या दिशेने जावे तसे समुद्रतळावरच्या ज्वालामुखी खडकाचे वय कमी व्हायला हवे. 1987 साली समुद्रतळ खोदून नमुने काढले गेले. त्यांतल्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून मालदीवजवळचा खडक सुमारे 5.7 कोटी, चागोसजवळचा 4.9 कोटी वर्षांचा ठरला. माग काढायच्या आणखीही वाटा आहेत: खडकात गोठलेली चुंबकीय दिशा उद्रेकावेळचा अक्षांश सांगते, हेलियमची समस्थानिके उगमाच्या खोलीचा सुगावा देतात, आणि भूकंपलहरी कुठे मंदावतात यावरून तप्तस्थळाखालचा आजचा उष्ण प्रवाह हुडकता येतो.