मोटारीची नाडीपरीक्षा

मोटारीच्या चालकासमोर जो फलक असतो, त्यावर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा तुम्ही पाहिला असेल. किल्ली फिरवताच तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. पण एखाद्या दिवशी तो विझतच नाही. मोटार तर चालत असते, मग बिघडले काय?

याचे उत्तर मोटारीतील संगणकाने लिहून ठेवलेले असते. ते वाचणाऱ्या यंत्राला ‘स्कॅनर’ म्हणतात. बाजारात हा स्कॅनर काही शे रुपयांपासून काही लाख रुपयांपर्यंत मिळतो. स्वतःची टॅक्सी चालवून घर चालवणाऱ्या माणसाने किंवा गावातल्या छोट्या गॅरेजवाल्याने यांतला कोणता घ्यावा? हा प्रश्न पैशाचा वाटतो. पण तो सोडवायला थोडे भौतिकशास्त्र लागते.

प्रथम हे यंत्र स्वस्त कसे झाले ते पाहू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोटारींच्या धुराने हवा फार बिघडली होती. धूर वाढला तर मोटारीनेच तसे सांगावे, असा नियम तेथे १९८८ सालच्या मॉडेलपासून आला. पुढे १९९६ सालच्या मॉडेलपासून सर्व अमेरिकेत प्रवासी मोटारींना एकाच मापाची १६ टाचण्यांची खोबण आणि एकच संकेतभाषा सक्तीची झाली. भारतात भारत स्टेज ४ च्या चारचाकी गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ही पद्धत लागू झाली. ही खोबण बहुधा स्टिअरिंगच्या खाली सापडते. भाषा सर्वांना खुली असल्यामुळे कोणीही कारखानदार तिचा वाचक बनवू शकतो. नियम झाला हवेसाठी; फायदा गरीब मिस्त्रीचाही झाला!

आता ही भाषा कशी असते ते पाहा. समजा, स्कॅनरवर ‘पी ०१७१’ असा संकेत आला. ‘पी’ म्हणजे दोष इंजिन किंवा गिअरपेटीच्या बाजूचा. पहिले शून्य सांगते की हा संकेत सर्व कंपन्यांना समान आहे. पुढचा १ हवा व इंधन यांच्या मोजमापाकडे बोट दाखवतो. पूर्ण अर्थ असा की इंजिनात जाणारे मिश्रण फार विरळ आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी १ किलोग्रॅम पेट्रोलाला सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. धुरात प्राणवायू किती उरला, हे धुराच्या नळीतील एक संवेदक मोजतो आणि त्यावरून संगणक पेट्रोल कमीजास्त करतो.

पुष्कळ जण येथेच फसतात. संकेत प्राणवायूच्या संवेदकाकडून आला, म्हणून तोच बदलून टाकतात. काही हजार रुपये जातात आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर! संवेदकाने खरे तेच सांगितले होते. तापमापकाने ताप दाखवला म्हणून कोणी तापमापक बदलतो का?

मिश्रण विरळ होण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी दोन घेऊ. एक, हवेच्या मापकाच्या पुढे एखादी रबरी नळी चिरली असेल आणि तेथून न मोजलेली हवा आत शिरत असेल. दोन, पेट्रोलचा पंप अशक्त झाला असेल. संकेत दोन्ही वेळी तोच! मग फरक कसा ओळखायचा?

येथे ‘फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा मदतीला येतो. ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी द्यावे लागत आहे, ते हा आकडा सांगतो. इंजिन जागच्या जागी मंद चालत असताना हवेची झडप जवळजवळ बंद असते. त्यामुळे आतल्या नळीतील दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी असतो आणि चिरेतून हवा जोराने आत ओढली जाते. एकूण हवाच थोडी असल्याने या चोरट्या हवेचे प्रमाण मोठे ठरते. इंजिनाचे फेरे मिनिटाला २५०० केले की एकूण हवा कितीतरी वाढते आणि चोरट्या हवेचा वाटा नगण्य होतो. म्हणजे मंद गतीला ट्रिम मोठा आणि जलद गतीला लहान झाला, तर नळीची चीर शोधावी. उलट मंद गतीला सारे ठीक, पण चढावर भार पडताच ट्रिम वाढू लागला, तर पेट्रोलचा पुरवठा तपासावा. एकच आकडा दोन परिस्थितींत वाचला आणि काही रुपयांच्या नळीवर काम भागले!

यावरून स्कॅनर निवडण्याची पहिली कसोटी मिळते. नुसता संकेत सांगणारा आणि पुसणारा स्कॅनर कितीही स्वस्त असला तरी महाग पडतो. इंजिन चालू असताना आकडे दाखवणारा, म्हणजे ‘लाइव्ह डेटा’ देणारा स्कॅनर घ्यावा. दुसरी कसोटी ‘फ्रीझ फ्रेम’ची. दोष नोंदला गेला त्या क्षणी वेग, तापमान, भार किती होते, याचे ते टिपण असते. म्हणूनच संकेत घाईने पुसू नये. त्याबरोबर हे टिपणही जाते.

या दोन्ही गोष्टी मोबाइलशी बिनतारी जोडल्या जाणाऱ्या छोट्या जोडणीतही मिळतात. अशा जोडण्यांत कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची ‘ईएलएम ३२७’ ही चकती प्रसिद्ध झाली. ती कंपनी २०२२ साली बंद झाली, पण तिच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि त्यांपैकी काही अर्धवट काम करतात. अँड्रॉइड फोनला साधा ब्लूटूथ चालतो; आयफोनसाठी वाय-फाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीची जोडणी पाहावी. ब्रेकची एबीएस यंत्रणा किंवा एअरबॅग यांचे दोष मात्र असे साधे स्कॅनर बहुधा वाचत नाहीत. ते काम रोज करणाऱ्या गॅरेजनेच महाग यंत्राचा विचार करावा.

प्रयोगशाळेत व्हर्निअर हाती घेतला की आपण आधी शून्यदोष पाहतो. स्कॅनरचेही तसेच करा. घरातील मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीची किल्ली सकाळी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या तापमापकाशी जुळणारे हवेत. मोटारीत नळीतील दाब मोजणारा संवेदक असेल, तर या वेळी तो वातावरणाचा दाब दाखवील: मुंबईत सुमारे १०० किलोपास्कल, पुण्यात सुमारे ९५, महाबळेश्वरला सुमारे ८६. आकडे जुळले, तर स्कॅनर आणि संवेदक या दोघांवरही विश्वास ठेवायला आधार मिळाला. इंजिन सुरू करून पाहायचे असेल तेव्हा मोटार उघड्यावर असावी. बंद जागेत धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो.

काम झाले की जोडणी काढून ठेवा. खोबणीतील १६ व्या टाचणीला बॅटरीचा प्रवाह सतत मिळत असतो. जोडणीला ४० मिलिअँपिअर प्रवाह लागतो असे धरले, तर दिवसाला ०.९६ अँपिअर-तास खर्च होतात. पंधरवडाभर मोटार उभी राहिली, तर ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग रिकामा होईल.

डॉक्टर नाडी पाहतात, पण नाडी काही औषधाचे नाव सांगत नाही. स्कॅनरही आकडे देतो. त्यांचा अर्थ लावायचा तो आपणच. तेव्हा तुमच्या ओळखीच्या कोणाच्या मोटारीत तो पिवळा दिवा लागला, तर सुटा भाग विकत घेण्याआधी त्यांना एवढेच विचारा, “मंद गतीला ट्रिम किती आहे आणि २५०० फेऱ्यांना किती?”